डब्यावर हात ठेवा

दुकानात तयार मिळणारी वस्तू मुलीने स्वतःच्या हातांनी बनवली, तर त्याचा इतक्या लोकांना त्रास होतो हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. माझा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा हे सगळं रागातच लिहितोय. वाचताना कुणाला लागलं तर लागू दे. लागावं अशीच इच्छा आहे.

माझी मुलगी सोनम इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी प्रोजेक्ट असतो. तिने साधा ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर घेतला, म्हणजे मोबाइलचा किंवा माइकचा बारीक आवाज घेऊन स्पीकरमधून मोठा काढणारं यंत्र. कॉलेजातली पद्धत अशी की प्रोजेक्ट कुणी बनवत नाही. वाशीला एक दुकान आहे, तिथे तो तयार मिळतो. सोबत सोनेरी अक्षरं छापलेलं ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा लिहून तयार अहवालही मिळतो, फक्त आपलं नाव घालायचं. या दुकानाचं कार्ड खुद्द प्रोजेक्टचे सर वर्गात वाटतात. सोनमने कार्ड परत केलं आणि म्हणाली, मी घरी बनवते. हॉटेलात जेवायला बसलेल्या माणसाने पिशवीतून विळी काढावी तसं सरांनी तिच्याकडे बघितलं म्हणे.

मला अभिमान वाटला. विमा कंपनीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्यांखाली सह्या करणाऱ्या माणसाला, आपली मुलगी काहीतरी मुळापासून तयार करते आहे याचा अभिमान वाटणारच. तो मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्यक्त केला. सानपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ग्रुपवर अभिमान व्यक्त करणं म्हणजे गेटवर सल्ल्यांचं मोफत वाटप सुरू असल्याची पाटी लावणं. तिसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाईंनी कळवलं की मुलींनी करंटशी खेळू नये, लग्न ठरताना विचारतात. एकाने लिहिलं की त्याचा भाचा बंगळुरूला आहे, त्याला फोटो पाठवा. भाच्याने फोटो बघून सांगितलं की आता असलं कुणी बनवत नाही. हे सांगायला बंगळुरूपर्यंत जायची गरज नव्हती, आमचे सर वाशीच्या दुकानाचं कार्ड देऊन तेच सांगत होते.

मग नोटीस आली. सोसायटीचे सेक्रेटरी धनाजी शेळके हे साताऱ्याकडचे गृहस्थ. त्यांना नोटीस काढल्याशिवाय जेवण पचत नाही. सोनम बाल्कनीत बसून तारा जोडत होती, तेव्हा सोल्डरिंगचा केसाएवढा धूर वर गेला. संध्याकाळी लिफ्टमध्ये कागद लागला की सभासदांनी सदनिकेत वेल्डिंग करू नये. मी खाली जाऊन सोल्डरिंग आणि वेल्डिंग यांतला फरक समजावला. ते म्हणाले, तसा अर्ज द्या. मी अर्ज दिला. ते म्हणाले, सोल्डरिंग हे वेल्डिंग नसल्याचा कुणा जाणकाराचा दाखला जोडा. माझं डोकं तिथेच फिरलं होतं, पण सोनमने तोवर जोडकाम संपवलं होतं, म्हणून मी डोकं परत जागेवर बसवलं.

राहता राहिली पेटी. बाजारातली पेटी सोनमला पसंत पडेना, म्हणून तिने घरातला फराळाचा स्टीलचा डबा उचलला. दीक्षा, म्हणजे माझी बायको, त्या डब्यात चकल्या ठेवते. डब्याला भोकं पडलेली बघून तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. भोकं मी पाडली नव्हती, पण आमच्या घरी अबोला माझ्याच नावावर पडतो.

ट्रान्सफॉर्मर, सर्किट, तीन पिनांची वायर असं सगळं डब्यात बसलं. वायर प्लगात घातली, बटण दाबलं, मोबाइलवर गाणं लावलं. स्पीकरमधून आवाज आला, घूंऽऽऽ. त्या घूंच्या पाठीमागे कुठेतरी एक बाई गात होती. सोनमने तारा आखूड केल्या, कपॅसिटर बदलले, पुन्हा सगळं उकलून पुन्हा जोडलं. घूं जाईना. सरांना विचारलं तर त्यांनी उत्तराऐवजी दुकानाचं कार्ड पुन्हा पाठवलं. खाली लिहिलं होतं की रविवार संध्याकाळपर्यंत घरून व्हिडिओ पाठवायचा, हमिंग, म्हणजे घूं, अजिबात नको. व्हिडिओ मंजूर झाला नाही तर सोमवारच्या तोंडी परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे वर्ष गेलं.

सोनम रडणाऱ्यांतली नाही. ती नुसती जेवताना ताटाकडे बघत बसायला लागली. मला ते सहन होईना. एका संध्याकाळी डबा घूं करत असतानाच मी उठलो आणि तो गॅलरीतून खाली फेकायच्या इराद्याने त्यावर हात टाकला.

घूं थांबलं. बाई स्वच्छ गायला लागली. मी दचकून हात काढला, तर घूं परत सुरू. ठेवला, बंद. काढला, सुरू. सोनमच्या तोंडावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला आणि ती म्हणाली, "पप्पा, हलू नका." त्या क्षणापासून मी या घरातला कर्ता पुरुष राहिलो नाही, अ‍ॅम्प्लिफायरचा एक पार्ट झालो.

तसाच व्हिडिओ काढला. स्टूलवर डबा, डब्यावर माझा हात, आवाज स्वच्छ. सरांचं उत्तर आलं की वडिलांचा हात तिथे काय करतोय, हाताखाली काहीतरी लपवलेलं दिसतं, व्हिडिओ नामंजूर. तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातावर कुणी संशय घेतला नव्हता.

आमच्या भिंती पातळ आहेत. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगभर झालं की तांबेंच्या, म्हणजे माझ्या, हातात काहीतरी आहे, नुसता ठेवला की यंत्र शांत होतं. मालतीबाई खुर्ची घेऊन आल्या आणि त्यांनी गुडघा पुढे केला. फक्त हात ठेवा म्हणाल्या, बघू तर खरं. आमच्या घराने असल्या हाताच्या आणि अंगातल्या शक्तींना हात जोडून रजा दिली त्याला तीन पिढ्या झाल्या. माझे आजोबा कोकणातल्या गावी या गोष्टींवरून भावकीशी भांडले होते. त्यांचा नातू सानपाड्यात वन बीएचकेमध्ये गुडघे बरे करत बसणार होता का? मी हे सगळं मालतीबाईंना फार मोठ्या आवाजात सांगितलं. त्या म्हणाल्या, रागावलेल्या माणसाचा हात जास्त लागू पडतो.

मग दीक्षाने तोडगा काढला. तिचा भाऊ उलव्याला नव्या टॉवरमध्ये राहतो, तिथलं वायरिंग नवं, तिथे नेऊन व्हिडिओ काढा. तोडगा चांगला होता, फक्त तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की आपण तारा बाहेर आलेला स्टीलचा डबा पिशवीत घालून विमानतळाच्या शेजारी निघालो आहोत. टॉवरच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने पिशवीत डोकावून बघितलं आणि तो बोलता बोलता चार पावलं मागे सरला. आम्हाला केबिनमध्ये बसवलं. डबा मैदानाच्या मधोमध ठेवला आणि भोवती दोरी बांधली. मेहुणा खाली आला, त्याने ओळख दिली, तर त्यालाही आमच्यासोबत बसवला. सुपरवायझरने विचारलं की यात काय आहे. दीक्षा म्हणाली, "तसा तो चकलीचा डबा आहे." पोलिसांना न बोलावता आम्हाला सोडलं हे त्यांचे उपकार, पण डबा आत गेला नाही. माझ्यासारख्या हेड क्लार्कला केबिनमध्ये बसवून ठेवलं होतं, आणि येणारे-जाणारे मोबाइलवर फोटो काढत होते.

घरी आल्यावर सोनमने पुन्हा डबा लावला आणि मी आपोआप हात ठेवला. बसल्या बसल्या दीक्षाला म्हणालो, माझी बी-ट्वेल्व्हची गोळी दे, हाताला झिणझिण्या येतायत. सोनमने मान वर केली आणि मला विचारलं की आणखी कुठे कुठे झिणझिण्या येतात. मी विचार केला. बाथरूमच्या नळाला हात लावला की येतात. फ्रिजचं दार उघडताना येतात. वॉशिंग मशीनला टेकलं की येतात. ऑफिसात येत नाहीत. ऑफिसात मला कधीच काही होत नाही, असं मी डॉक्टरांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले होते, घरचं टेन्शन असेल.

सोनमने होल्डरला एक बल्ब लावला. त्याची एक तार प्लगाच्या जिवंत, म्हणजे करंट येणाऱ्या, भोकात घातली आणि दुसरी वरच्या मोठ्या भोकात, जिथे तिसरी पिन जाते. ते भोक तारेने खाली जमिनीत गेलेलं असतं, त्याला अर्थिंग म्हणतात. यंत्राच्या पत्र्यावर उतरलेला करंट तिथून जमिनीत जातो, माणसाच्या अंगात जात नाही. अर्थिंग असतं तर बल्ब पेटायला हवा होता. पेटला नाही. मग ती मालतीबाईंकडे गेली, मग वरच्या मजल्यावर, मग खालच्या. कुठेच पेटला नाही. आख्ख्या बिल्डिंगची तिसरी भोकं नुसती शोभेची होती. घूं थांबायचं ते माझ्यात शक्ती होती म्हणून नव्हे. मी अनवाणी फरशीवर उभा राहून बिल्डिंगचं अर्थिंग झालो होतो.

आणि प्रत्येक घरात ती बी-ट्वेल्व्हची गोळी निघाली. मालतीबाई इंजेक्शनं घेत होत्या. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी नसांचे डॉक्टर पालथे घातले होते. सेक्रेटरींच्या बायकोने सोडलेला मांसाहार बी-ट्वेल्व्हसाठी परत सुरू केला होता. नळाला हात लावला की करंट येतो, आणि आमची सुशिक्षित बिल्डिंग मिळून व्हिटॅमिन खात होती. सेक्टरमधल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या दवाखान्यात अर्थिंग असणार.

मी त्याच पावली धनाजींकडे गेलो. घरात लहान मुलं आहेत, उद्या एखादा गीझर बिघडला तर नळाखाली माणूस मरेल, हे मी त्यांना बऱ्यापैकी सभ्य शब्दांत सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. "आवो तांबे, हळू बोला. विमानतळ सुरू झालाय. रेट कुठल्या कुठं गेलाय. अर्थिंग न्हाई म्हणून बाहेर गेलं तर फ्लॅट कोन घेनार?" मग त्यांनी कार्यपद्धती सांगितली. आधी तीन कोटेशनं, मग कमिटी, मग सर्वसाधारण सभेची मंजुरी, तीही अजेंड्यावर विषय असेल तर. तोवर मुलीच्या मशीनवर हात ठेवायला तुमचं काय जातं, असं त्यांनी मला विचारलं. मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, कारण हे घरातली माणसं वाचतील.

त्याचा परिणाम असा झाला की रविवारच्या सभेच्या अजेंड्यावर विषय आला. 'सदनिका ३०२ कडून पसरवल्या जाणाऱ्या अफवांबाबत.' सदनिका ३०२ म्हणजे आम्ही. त्याच संध्याकाळी सरांकडे व्हिडिओ द्यायची मुदत संपत होती.

सभा सकाळी खालच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागेत, मीटर रूमच्या तोंडाशी भरली. सोसायटीचा स्वतःचा माइक सेट कुणाच्या तरी हळदीला गेला होता आणि नेहमीप्रमाणे परत आला नव्हता. माइक हातात आल्याशिवाय धनाजींना बोलता येत नाही. सोनम म्हणाली, माझा अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक आणते, फक्त मी व्हिडिओ काढणार. यंत्र सगळ्यांसमोर घूं करेल आणि ३०२ची फजिती होईल असं वाटून असेल, धनाजी हसून हो म्हणाले. तिने मीटर रूममधल्या प्लगला डबा लावला, माइक जोडला, आणि आपला मोबाइल उभा केला.

धनाजींनी "उपस्थित सभासद" म्हणताच घूं सुरू झालं. पुढचं कुणाला काही ऐकू येईना. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. चार-पाच जण एकदम म्हणाले, तांबे, हात ठेवा ना. मी खुर्चीवर बसून राहिलो आणि दोन्ही हात काखेत घातले. आयुष्यात एवढं समाधान मला क्वचित मिळालं असेल. दीक्षाने कोपराने ढोसलं, तरी मी हललो नाही.

शेवटी धनाजी वैतागले आणि स्वतःच डब्यावर हात ठेवून उभे राहिले. चप्पल त्यांनी सभेसाठी काढून ठेवलेली होती. पाय फरशीवर होते. घूं थांबलं. एका हातात माइक आणि दुसरा हात डब्यावर, अशा अवतारात त्यांनी अहवाल वाचला. बिल्डिंगचं अर्थिंग सुस्थितीत असून ३०२चे आरोप बिनबुडाचे आहेत, सभासदांनी घाबरू नये, विषय संपला. आवाज इतका स्वच्छ होता की शेवटच्या रांगेतल्या आजोबांनीही मान डोलावली.

सोनम पुढे गेली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "काका, एकदा हात काढता का?"

धनाजींनी हात काढला नाही. ते म्हणाले, पुढचा विषय. मालतीबाई उठल्या आणि म्हणाल्या, हात काढा की, सुस्थितीत आहे ना. धनाजींचा हात डब्यावर आणखी घट्ट बसला. सगळी सभा त्या हाताकडे बघत होती. आता कुणाला काही समजावायची गरज उरली नव्हती.

मागच्या खुर्चीवर गोटीराम पाटील बसले होते. बिल्डिंग त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर उभी आहे आणि त्यांनीच बांधलेली आहे. वरच्या मजल्यावर राहतात, सभेत कधी तोंड उघडत नाहीत. ते उठले. ते म्हणाले की बिल्डिंग बांधली तेव्हा मीटर रूमच्या बाजूला खड्डा मारून, मीठ-कोळसा घालून त्यांनी स्वतः उभं राहून अर्थिंगची पट्टी पुरली होती. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मीटर रूमच्या बाजूला दिवाळीत नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते, त्यावर पिवळ्या रंगाने पार्किंगचा नंबर काढला होता, आणि त्या नंबरावर सेक्रेटरींची गाडी उभी होती.

"धनाजी," गोटीरामशेठ म्हणाले, "पयले हात काढ. मंग गारी काढ."

सभा तहकूब करावी लागली नाही, ती आपोआप पार्किंगमध्ये भरली. ब्लॉक उचलले तर खाली पट्टी होती, मधोमध कापलेली. आड येते म्हणून ब्लॉकवाल्यांनी कापली होती, आणि कुणाला तरी विचारून कापली होती. कुणाला, ते कुणी बोललं नाही, पण धनाजी गाडी काढून जे गेले ते त्या दिवशी परत आले नाहीत. गोटीरामशेठनी आपल्या साइटवरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. दुपारी पट्टी जोडली, खड्ड्यात पाणी ओतलं. मी वर जाऊन बाथरूमचा नळ धरला. काही झालं नाही. दिवाळीपासून खाल्लेल्या गोळ्या आठवून मी नळ धरूनच उभा राहिलो आणि पुन्हा चिडलो.

मुदत संपायच्या आत सोनमने व्हिडिओ काढला. स्टूलवर डबा, आसपास कुणाचाही हात नाही, आणि आवाज असा की गाणाऱ्या बाईचा श्वासही कळावा. दीक्षा डबा विसरून ऐकत बसली. पाठवला. थोड्या वेळाने सरांचं उत्तर आलं. सोनमने वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. लिहिलं होतं, 'व्हेरी गुड. शेवटी दुकानातूनच घेतलं ना, फिनिशिंगवरून लगेच कळतं. आधीच ऐकलं असतं तर एवढा वेळ गेला नसता. मंजूर.'

दीक्षा म्हणाली, मंजूर झालं ना, सोडून द्या. मी तोंड उघडलं होतं, पण सोनमकडे बघून मिटलं. तिचे कान लाल झाले होते. माझे होतात तसेच, फक्त तिच्या वयात मला ते लपवायची सवय लागली होती. तिने फोन परत घेतला आणि टाइप केलं. सर, डबा मी बनवला आहे. उद्या आणते. परीक्षकांसमोर मी तो उघडते, तुम्ही मला एकेका तारेचं विचारा. मग बाकी सगळ्यांचे डबे उघडू आणि त्यांनाही विचारू.

वर्ष पुन्हा पणाला लागलं होतं. दीक्षा म्हणाली, पाठवू नकोस. सोनमने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, पाठव. दोन निळ्या खुणा आल्या. सर टाइप करत होते, थांबत होते, परत टाइप करत होते.

सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा एका हातात डबा होता आणि दुसऱ्या हातात माझा मोठा स्क्रू ड्रायव्हर. चकलीच्या डब्याला स्क्रू नाहीत, झाकण नुसतं ओढलं की निघतं. स्क्रू ड्रायव्हर बाकीच्यांसाठी होता.